पाण्यावरची बैठक

पंढरपुरास चंद्रभागेच्या वाळवंटांतून यात्रेकरू नावेंत पाऊल टाकतो, तेव्हां त्याच्या कानीं पहिले शब्द पडतात ते नावाड्याचे : "खालीं बसा, मधें सरका, उठूं नका." जमिनीवर माणसाची बैठक त्याच्या मानावरून ठरत आली आहे. दरबारांत गादी, पंगतींत पाट, सभेंत खुर्ची, असा तिचा क्रम असतो. पाण्यावर मात्र ती वजनावरून ठरते. सावकार असो, अंमलदार असो किंवा पडशी घेतलेला वारकरी असो, नावाड्याच्या हिशेबीं कोणी दीड मणाचा, कोणी दोन मणांचा, एवढाच काय तो भेद. नावेंत कोणीं कोठें बसावें हें सांगण्याचा अधिकार त्याचा, आणि तो अधिकार मोठमोठ्यांनीं निमूटपणें मानला आहे. या साध्या नियमामागें फार जुना अनुभव आहे.

सोलापूर जिल्हा समुद्रापासून दूर, पर्जन्य बेताचा. तथापि या जिल्ह्यास पाण्याची ओळख नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. भीमा या प्रांतांतून वळणें घेत जाते. नीरा, माण आणि सीना तिला येऊन मिळतात. उन्हाळ्यांत जी नदी पायीं ओलांडावी, तीच आषाढांत दोन्हीं थड्या भरून वाहूं लागते, आणि पंढरीची मोठी यात्रा भरते ती नेमकी आषाढांतच. पंढरपूर भीमेच्या उजव्या तीरावर वसलें असल्यामुळें मराठवाडा-वऱ्हाडाकडून येणाऱ्या दिंड्यांपुढें, पूल होण्यापूर्वीं, शेवटचा प्रश्न उभा राही तो हा पाण्याचाच.

नाव नसे तेथें लोकांनीं काय केलें? सर्वांत जुनें साधन म्हणजे सांगड. वाळलेले पोकळ भोपळे दोरानें एकत्र बांधावे, त्यांवर छाती टेकावी आणि हातपाय मारीत पैलतीर गांठावें. ज्याला पोहतां येत नसे त्याच्यासाठीं बाजेखालीं भोपळे किंवा तोंडें बांधलेले रिकामे घडे अडकवीत, आणि पट्टीचे पोहणारे ती बाज ढकलीत नेत. एकटा भोपळा पाण्यांत गरकन् फिरतो. दोन भोपळ्यांमध्यें अंतर ठेवून ते जखडले, म्हणजे तो खोडकरपणा थांबतो. दोन भिन्न गोष्टींचा मेळ घालणें या अर्थीं मराठींत 'सांगड घालणें' हा जो वाक्प्रचार रूढ झाला, त्याच्या मुळाशीं नदीकांठची हीच विद्या आहे. बाजेवर बसणाराला मात्र एक पथ्य पाळावें लागे : त्यानें मध्यभागीं बसावें आणि कडेला ओणवूं नये.

दुसरें साधन दक्षिणेकडचें. कृष्णा, तुंगभद्रा या नद्यांवर वेताच्या किंवा बांबूच्या कामट्यांची मोठी गोल टोपली विणून तिला बाहेरून कातडें मढवीत. कानडींत तिला हरिगोलु म्हणतात. इ. स. १५२० च्या सुमारास विजयनगर पाहून गेलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाएस यानें या टोपल्यांचें वर्णन लिहून ठेवलें आहे. पंधरावीस माणसें एका टोपलींत मावत, प्रसंगीं घोडे व बैलही नेत. परंतु इतर नावांप्रमाणें ती सरळ न जातां सारखी गरगर फिरत राही, हें त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं. पुढें सतराव्या शतकांत गोवळकोंड्याकडे जाणारा फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए यानेंही अशीच टोपली पाहिली. तिच्या तळाशीं काटक्यांच्या मोळ्या ठेवून त्यांवर सतरंज्या पसरीत, म्हणजे माल भिजत नसे, असें तो सांगतो.

या गोल टोपलीला नाळ नाहीं, सुकाणू नाहीं, आणि पाण्यांत खोल जाणारा कणाही नाहीं. मग ती उलटत कां नाहीं? एक तर तिचा तळ रुंद, आणि दुसरें म्हणजे तींतील माणसें खालीं तळावर, कडेला पाठ लावून, समोरासमोर बसतात. एका बाजूच्या वजनाला समोरच्या बाजूनें उत्तर मिळतें. वजन जितकें खालीं तितकी नाव स्थिर, आणि वजन जितकें उंच तितका तिला कलण्याचा मोह अधिक. बसलेला माणूस उभा राहिला कीं त्याच्या देहाचा भार एकदम वर चढतो. नाव थोडी कलली तरी तो भार तिला सांवरण्याऐवजीं आणखी लोटतो. "उठूं नका" या दोन शब्दांत हें सारें शास्त्र सामावलेलें आहे.

नदीचा मान न राखणाराला भीमेनें एकदां चांगलाच धडा दिला. इ. स. १६९५ पासून १६९९ पर्यंत औरंगजेबाची मुख्य छावणी मंगळवेढ्याजवळ भीमाकांठीं ब्रह्मपुरी येथें होती. त्या स्थळास त्यानें इस्लामपुरी असें नांव दिलें, आणि माचणूरचा किल्ला आजही त्या मुक्कामाची साक्ष देतो. १६९७ सालच्या पावसाळ्यांत भीमेला महापूर आला आणि तंबू, जनावरें, माणसें यांची अपरिमित हानि झाली. हिंदुस्थानांतील सर्वांत मोठें सैन्य जवळ असूनही त्या रात्रंदिवस वाढणाऱ्या पाण्यापुढें त्याचा कांहीं इलाज चालला नाहीं.

शंभर वर्षांनंतर याच दक्षिणी नद्यांकडे दुसऱ्या एका सेनापतीनें निराळ्या दृष्टीनें पाहिलें. इ. स. १८०३ च्या मोहिमेंत आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून उत्तरेस आला. वाटेंतील नद्या पावसाळ्यांत भरतील हें ओळखून त्यानें कातडें मढविलेल्या टोपल्या आधींच तयार करविल्या. पुढें वॉटर्लूच्या रणांगणीं नेपोलियनला जिंकणाऱ्या या पुरुषानें खेड्यांतील बुरुड-चांभारांच्या विद्येस तोफांइतकेंच महत्त्व दिलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

पुढें आगगाडी आली. १८६० सालीं ती सोलापुरास पोंचली. पूल झाले, आणि सांगडी व टोपल्या मागें पडल्या. पण गरज पडली कीं जुनी युक्ति नव्या रूपानें डोकें वर काढते. उसाच्या या मुलखांत गुऱ्हाळावर रस आटविण्याची मोठी काहील असते. पुरानें गांवास वेढा घातला कीं भीमा-कृष्णेच्या खोऱ्यांतील लोक ही काहील पाण्यांत सोडून तींतून माणसें बाहेर काढीत आले आहेत. काहील म्हणजे लोखंडी हरिगोलच. तीही गोल, तीही गरगर फिरणारी, आणि तींतही मुकाट्यानें तळाशींच बसावें लागतें.

कोंकणांतील दर्यावर्दी कोळ्यांनीं हाच प्रश्न दुसऱ्या रीतीनें सोडविला. अरुंद होडीच्या एका अंगास आडव्या दांड्यांनीं लांकडाचा ओंडका जोडावयाचा. त्यास उलांडी म्हणतात. होडी कलूं लागली कीं उलांडी तिला हात देते. येथें सांवरण्याचें काम लांकूड करतें, आणि माणसाला थोडी मोकळीक मिळते. मग उलांडीही नाहीं, रुंद तळही नाहीं, आणि खालीं नदीऐवजीं समुद्राची फुटणारी लाट आहे, असें झालें तर? तेव्हां सांवरण्याचें सारें काम बसणाराच्या कमरेवर येऊन पडतें.

असें साधन विसाव्या शतकांत ऑस्ट्रेलियांत निघालें. १९१२ च्या सुमारास न्यू साउथ वेल्समधील पोर्ट मॅक्वारी येथें मॅक्लॅरेन नांवाचे दोघे भाऊ कालवांच्या शेतीवर ये-जा करण्यासाठीं एक चपटी लांकडी फळी वापरीत, आणि तिच्यावर बसून लाटांबरोबर किनाऱ्यास येत. १९३३ सालीं क्रॅकनथॉर्प नांवाच्या डॉक्टरानें अशा फळीचें पेटंट घेतलें आणि तिला 'सर्फ-स्की' हें नांव रूढ झालें. शतकाच्या उत्तरार्धांत याच कुळांतून आंखूड, चपळ अशी 'वेव्ह-स्की' जन्मास आली. सांगडीप्रमाणें हिचाही उगम पोटापाण्याच्या कामांत झाला. खेळ तो मागाहून.

वेव्ह-स्कीवर माणूस फळीच्या पोटांत शिरत नाहीं, तर तिच्या पाठीवर बसतो. त्यासाठीं पाठीवर खोलगट आसन बसविलेलें असतें. पुढें पाय अडकविण्यास पट्ट्या, मांड्यांवरून एक पट्टा, आणि हातीं दोन्हीं टोकांस पातीं असलेलें वल्हें. यांत खरें कौशल्य आसन कोठें बसवावें यांत आहे. तें बोटभर पुढें गेलें तर फळी लाट चटकन् पकडते, पण उतारावर तिचें नाक पाण्यांत घुसतें. बोटभर मागें आलें तर ती सहज वळते, पण नाक वर राहून लाट निसटते. आसन उंच केलें तर फळी कलविण्यास जोर मिळतो, पण स्थैर्य जातें. म्हणून जाणते लोक आसन कायमचें चिकटविण्यापूर्वीं तें तात्पुरतें बांधून संथ पाण्यांत बसून पाहतात. फळी समतोल, नाक किंचित् वर, गुडघे थोडे वांकलेले, असें जुळलें म्हणजे जागा खरी. पट्टा कमरेशीं घट्ट हवा, म्हणजे देह वळतांच फळी वळते. परंतु उलटल्यावर एका हिसक्यानें सुटलाही पाहिजे. ज्या बंधनांतून वेळीं सुटतां येत नाहीं तें पाण्यावर घातक ठरतें.

भीमेवर मात्र हा विषय खेळाचा राहिलेला नाहीं. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि नदीचा विस्तीर्ण जलाशय बनला. जुनीं गांवें, जुने रस्ते पाण्याखालीं गेले. इकडे करमाळा तालुका, पलीकडे इंदापूर तालुका. पाण्यावरून समोर दिसणारें गांव रस्त्यानें फार लांब पडूं लागलें, आणि लोक पुन्हां होडीकडे वळले. दिनांक २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं कुगांवहून कळाशीकडे निघालेली होडी वादळांत सांपडून उलटली. एक गृहस्थ पोहून तीरास लागले; सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेंही होतीं.

अशा वादळापुढें केवळ नीट बसण्यानें प्राण वांचले असते असें कोणीही म्हणूं नये. वारा ओळखून होडी न सोडणें हें पहिलें, प्रत्येकाच्या अंगांत तरंगतें जाकीट असणें हें दुसरें, होडींत बेताचींच माणसें घेणें हें तिसरें, आणि बैठक हें त्यानंतरचें. पण ज्या सांगडीनें माणसाला भीमा ओलांडावयास शिकविलें, तिनेंच ही चारही पथ्यें एकत्र बांधून दिलेलीं आहेत. पूर चढलेला दिसला कीं जुना नावाडी दोर सोडीत नसे, आणि यात्रेकरू कितीही घाईचा असला तरी थड्यावर बसून राही. पोहणाराही छातीखालीं भोपळा घेतल्याशिवाय उतरत नसे. नदी रोजची झाली, यंत्राची होडी आली, आणि हीं पथ्यें सैल पडलीं.

शहरांतील कुटुंबें आतां सुटीच्या दिवशीं उजनीवर पक्षी पाहावयास जातात, होडींत बसतात, मुलांना कडेशीं उभीं करून छायाचित्रें घेतात. नावाडी संकोचानें गप्प राहतो, कारण उतारू पैसे देणारा असतो. त्या वेळीं घरांतील वडील माणसानें त्याच्या वतीनें बोलावें. मुलांच्या अंगांत जाकिटें चढवावीं, त्यांना तळाशीं, मध्यभागीं बसवावें, आणि मग नावाड्यास विचारावें, "वारा कसा आहे?" तो नको म्हणाला, तर त्या दिवशीं पक्षी तीरावरूनच पाहावे.