दाद आणि इस्लाह

पाम, बोईसर, तारापूर या आमच्या पट्ट्याची नोंद मराठी साहित्याच्या इतिहासात कुणी फारशी घेतलेली नाही. तारापूरचे नाव इतिहासात येते ते १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकलेल्या किल्ल्यामुळे, आणि नंतर १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीज केंद्रामुळे. बोईसर ओळखले जाते औद्योगिक वसाहतीमुळे. पालघर जिल्हा म्हणून स्वतंत्र ओळखही आम्हाला २०१४ साली मिळाली. तोपर्यंत आम्ही ठाणे जिल्ह्याचे एक टोक होतो. किनाऱ्यावर मांगेली आणि वाडवळी, आत डोंगराकडे वारली, गुजरात जवळ म्हणून बाजारात गुजराती, आणि कारखान्यांमुळे उत्तर भारतापासून मराठवाड्यापर्यंतच्या बोली. एवढ्या भाषा एका स्टेशनावर उतरतात-चढतात.

अशा ठिकाणी कविता लिहिणारा माणूस असतोच. तो कारखान्यात पाळी करतो, दुकान चालवतो, शाळेत शिकवतो आणि वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहितो. तो मुसलमान असेल आणि मराठीत लिहीत असेल तर त्याच्यापुढे एक जादा प्रश्न असतो. हे वाचून दाखवायचे कुणाला? उर्दूत लिहिले असते तर भिवंडीपर्यंत जाऊन मुशायऱ्यात बसता आले असते. मराठीत लिहिले म्हणून घरचे विचारतात, "मराठीत कशाला?" आणि बाहेरचे कौतुकाने म्हणतात, "तुमचं मराठी फार शुद्ध आहे हो!" पहिल्या प्रश्नापेक्षा हे कौतुकच जास्त टोचते. ज्याच्या आजीने जात्यावर ओव्या म्हटल्या त्याला त्याच्याच भाषेचे प्रमाणपत्र देणारे हे लोक कवितेबद्दल मात्र एक शब्द बोलत नाहीत.

नवोदित कवीला कवितेबद्दल बोलणारे माणूस लागते. ते आजवर कसे मिळत आले, याचा मागोवा घ्यावा असे आम्हाला वाटले. या इतिहासात आपला वाटा मोठा आहे, आणि तो आपल्यालाच पुरता ठाऊक नाही.

उर्दू परंपरेत यासाठी दोन शब्द आहेत: दाद आणि इस्लाह. दाद चारचौघांत द्यायची, इस्लाह एकांतात. मुशायऱ्यात शमा पुढे सरकत जाई ती आधी नवख्यांसमोर, उस्तादांची पाळी शेवटी. याचा एक व्यावहारिक फायदा असा की नवख्याला ऐकायला सगळी मैफल हजर असे. उस्तादाला ऐकायचे तर आधी शागिर्दांना ऐकून घ्यावे लागे. तरही मुशायऱ्याची पद्धत तर खास शिकाऊंसाठीच बेतल्यासारखी आहे. एक मिसरा आधी जाहीर करायचा आणि सगळ्यांनी त्याच जमिनीत, म्हणजे त्याच वृत्तात आणि त्याच काफिया-रदीफमध्ये गझल लिहून आणायची. थोर-लहान सगळे एकाच तालमीत उतरतात. दुसऱ्याने तोच काफिया कसा बांधला हे कानांनी ऐकले की आपला कुठे सैल पडला ते कुणी सांगावे लागत नाही.

इस्लाहचे सर्वांत चांगले पुरावे गालिबच्या पत्रांत आहेत. १८५४ साली देशभर एकाच दराने, अर्ध्या आण्यात, पत्र जाऊ लागले आणि दिल्लीत बसून दूरच्या शागिर्दांच्या ओळी दुरुस्त करणे सोपे झाले. मुन्शी हरगोपाल तफ्ता हा गालिबचा लाडका शागिर्द. त्याला लिहिलेली शंभराहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत घरगुती गप्पा आहेत, पैशांची रड आहे आणि मधेच शब्दांची बारीक चिकित्सा आहे. गालिब या शागिर्दाला प्रेमाने 'मिर्झा तफ्ता' म्हणत. उस्ताद मुसलमान, शागिर्द हिंदू, लेखन बहुतेक फारसीत. यात कुणाला नवल वाटत नव्हते. आमच्या मराठीचे कौतुक करणाऱ्यांना हे कधीतरी सांगायला हवे.

मराठीत हे नाते फडावर दिसते. कलगी आणि तुरा या दोन पंथांचे मूळ परंपरा शाह अली फकीर आणि तुकनगीर गोसावी या जोडीकडे नेते. सवालाला जवाब देता देता शाहीर तयार होई. पेशवाईच्या अखेरच्या काळात गाजलेला सगनभाऊ हा जेजुरीचा शिकलगार मुसलमान. हत्यारांना धार लावणाऱ्या जमातीतला हा माणूस लावणी रचताना कुठल्या शाळेत गेला नव्हता. फड हीच त्याची शाळा. आमच्याच जिल्ह्यात वारल्यांच्या लग्नात धवलेरी विधी लावते. सगळी गाणी तिला तोंडपाठ असतात. मोठ्या बायकांच्या मागे बसून, त्यांच्या आवाजात आवाज मिसळत ती ही गाणी शिकते. तिथे उस्तादाला नाव नाही, पण इस्लाह आहे. चुकले की शेजारचीचा आवाज चढतो.

छापखान्याच्या काळात कवी एकटा पडला. मासिकाकडे कविता पाठवायची आणि 'साभार परत'ची वाट पाहायची. या एकटेपणावर पुण्यातल्या काही मंडळींनी १९२३ साली उपाय काढला. दर रविवारी जमायचे, चहा घ्यायचा, एकमेकांच्या कविता ऐकायच्या. यशवंत, गिरीश, माधव जूलियन, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे ही त्यांतली नावे. हेच रविकिरण मंडळ. प्रकाशक मिळेना तर पुस्तकेही मंडळाने स्वतःच काढली. ते कविता गाऊन दाखवत, गावोगाव जात. त्यांनी मराठी कवितेला श्रोता मिळवून दिला, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता आली नाही.

टीका मात्र सडकून झाली. अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' काढून मंडळाच्या लकबींची विडंबने केली आणि उभा महाराष्ट्र हसला. आम्हाला त्या हसण्यात तथ्य दिसते. सात-आठ जण दर आठवड्याला एकमेकांना वाहवा म्हणू लागले की त्यांच्या कविता एकमेकांसारख्या दिसू लागतात. दाद तेवढी उरते, इस्लाह गळून पडते. तरीही तराजूत घातले तर मंडळाचे पारडे जड आहे. अत्र्यांचे विडंबन जमले, कारण ज्याचे विडंबन करायचे ती कविता घराघरांत पोहोचली होती.

या मंडळातले माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे आपल्या दृष्टीने थांबून पाहण्यासारखे प्रकरण आहे. ते फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला. उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या. गझलेची वृत्ते मराठीत रुजवली आणि १९३३ साली 'गज्जलांजलि' प्रसिद्ध केली. मराठी छंदांवरचा त्यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ आजही हाताशी ठेवावा लागतो. फारसीचे एवढे धन मराठीत आणणाऱ्या या माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात सावरकरांच्या भाषाशुद्धीची बाजू घेतली. १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला, आणि स्वतःच्याच जुन्या कवितांतले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द बसवले. ज्या हातांनी कोश रचला त्याच हातांनी शब्द खोडले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आम्हाला आदर आहे. पण ज्या घरात 'जिंदगी', 'मेहनत', 'नजर' हे शब्द मराठीच म्हणून बोलले जातात, त्या घरातल्या नवख्या कवीला या शुद्धीचा अर्थ वेगळा लागतो. कविता दाखवायला नेली आणि समोरच्याने तिच्यातून आपल्या आईचे शब्द काढून टाकले, तर तो पोरगा दुसऱ्यांदा त्याच्याकडे जाईल कशाला?

ही कोंडी फोडणारा माणूस अमरावतीला जन्मला. सुरेश भट (१९३२-२००३) यांची गझल सगळ्यांना ठाऊक आहे; त्यांचे टपाल तितके ठाऊक नाही. गावोगावचे नवोदित त्यांना गझला म्हणून काहीबाही लिहून पाठवत. भटांनी 'गझलेची बाराखडी' ही छोटी पुस्तिका तयार केली आणि अशा नवोदितांना ती टपालाने पाठवायला सुरुवात केली. मतला म्हणजे काय, शेर स्वतंत्र का असला पाहिजे, काफिया आणि रदीफ कसे सांभाळायचे, हे सगळे त्यात साध्या मराठीत होते. उदाहरणार्थ, 'वारा', 'तारा', 'पसारा' हे काफिये चालतात, पण त्यांच्या रांगेत 'कोरा' बसत नाही. 'रा' जुळला तरी त्याच्या आधीचा 'आ' हा स्वर, म्हणजे अलामत, मोडतो. मुशायऱ्यात बसलेल्याचा कान हे आपोआप ओळखतो. ज्याच्या गावात मुशायराच नाही त्याला कागदावर सांगावे लागते. भटांनी ते सांगितले, आणि उर्दूच्या संज्ञा खोडून न टाकता सांगितले. मराठी पर्याय दिले, पण काफियाला काफिया म्हणायची लाज बाळगली नाही. गालिबच्या पत्रांनंतर शंभरेक वर्षांनी टपालाची इस्लाह अशी मराठीत आली.

या टपालाच्या बळावर गझल लिहिणारी एक पिढी उभी राहिली. आपल्यापैकी इलाही जमादार हे त्यांतले ठळक नाव. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे इलाही १९४६ साली जन्मले आणि २०२१ साली गेले. 'जखमा अशा सुगंधी' या त्यांच्या पुस्तकाचे नाव गझल न वाचणाऱ्यांनाही माहीत असते. पण आम्हाला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. नवोदितांसाठी ते कार्यशाळा घेत आणि तिला 'गझल क्लिनिक' म्हणत. नाव गमतीचे असले तरी नेमके होते: आजारी शेर घेऊन यायचा, तपासून घ्यायचा.

मुक्तछंदात लिहिणाऱ्यांची कथा वेगळी. तिथे बाराखडी नाही, म्हणून माणूस अधिक लागतो. बार्शीचे अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, यांना पहिली दाद घरात मिळाली. आई मुनेरबी ओव्या-गाणी म्हणणारी. पुढे १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे राहिले. एक गिरणगावातला, एक बार्शीचा, एकाची शाळा जेमतेम, आणि तिघे एकमेकांचे पहिले श्रोते. हजारोंच्या सभेत गाण्याआधी ती ओळ या दोघा-तिघांत पारखली जाई. अमर शेखांचा 'कलश' १९५८ साली आला. त्यांची मुलगी मलिका अमर शेख हिने 'वाळूचा प्रियकर' लिहिले तेव्हा घरात कवितेची तिसरी पिढी चालू होती.

मराठी मुसलमान लेखकांना आपली म्हणावी अशी बैठक मात्र १९९० साली मिळाली. सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांचे सहकारी त्यामागे होते. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. 'वेगळे संमेलन कशाला, मुख्य प्रवाहात तुमचा अध्यक्ष आहे ना!' असा सवाल तेव्हा सहज करता येत होता. आम्हाला त्याचे उत्तर सोपे वाटते. अध्यक्ष एकच असतो, आणि तो आधीच मोठा असतो. ज्याची वही अजून कुणी उघडलेली नाही त्याला व्यासपीठ लागत नाही; शेजारच्या खुर्चीवर बसलेला, आपल्यासारखाच, 'अब्बा' हा शब्द कवितेत घालायला न कचरणारा दुसरा कवी लागतो. सोलापूरने तो दिला. लातूर, नागपूर, कोकण, सांगली इथले सुटे सुटे लिहिणारे एकमेकांना भेटले. त्यानंतरच्या संमेलनांत भाषणे पुष्कळ झाली, वादही झाले. पण रात्री उशिरापर्यंत चालणारी कविसंमेलने, जिथे यादीत नाव नसलेलाही हात वर करून उभा राहतो, तीच आम्हाला या चळवळीची खरी कमाई वाटते.

आता पुन्हा आमच्या जिल्ह्याकडे येतो, कारण एक उदाहरण शेजारीच आहे. वसईच्या ख्रिस्ती समाजाने १९५५ साली 'सुवार्ता' हे मराठी मासिक सुरू केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३पासून दोन दशकांहून अधिक काळ ते सांभाळले. सामवेदी बोलणाऱ्या, शेती करणाऱ्या घरांतली मुले-मुली त्यात लिहिती झाली. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटोंकडे आले तेव्हा काहींनी त्यांच्या धर्मावरून गहजब केला. त्याला उत्तर म्हणून त्या समाजाकडे साठ-पासष्ट वर्षांचे छापील मराठी अंक होते. आम्ही हेव्याने नाही, हिशेबाने लिहितो आहोत: वसईपासून बोईसर लोकल गाडीच्या अंतरावर आहे, आणि आमच्या बाजूला असा एकही गठ्ठा नाही. मधु मंगेश कर्णिकांनी १९९१ साली सुरू केलेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेची दारे सर्वांना उघडी आहेत, तिथे जावेच. पण घरी बैठक असली म्हणजे बाहेरच्या बैठकीत माणूस ताठ बसतो.

त्यासाठी सभागृह लागत नाही, पाहुणे लागत नाहीत. मराठीचा एक मिसरा ठरवायचा, महिन्याची मुदत द्यायची आणि पाळी संपवून येणाऱ्यांना जमेल अशी वेळ नेमायची. धाकट्यांनी आधी वाचायचे. 'वाहवा' म्हणायची असेल त्याने नंतर कागद मागून घ्यायचा आणि कुठला शब्द अडला ते पेन्सिलीने लिहून द्यायचे. वाडवळीतली ओळ आली तर ती वाडवळीतच ठेवायची, दखनी आली तर दखनीत. शाळेतल्या मुली लिहितात, त्यांना दुपारची वेळ ठेवायची, नाहीतर त्या येऊ शकणार नाहीत. आणि जमलेले कागद दरवर्षी एका फायलीत लावून ठेवायचे.