विषय नसलेली वही

सरकारी कचेरीत विषयाशिवाय कागद हलत नाही. पत्राच्या माथ्यावर 'विषय' नसेल, तर ते कुठल्या फाईलला लावायचं हाच प्रश्न पडतो. वीस वर्षं हेच केल्यावर घरीही तीच सवय लागते. परवा माझी चौदा वर्षांची मुलगी नव्या वहीत काहीतरी लिहीत बसली होती.

"कितें बरयता गो?" मी विचारलं.

"अशेंच."

"अशेंच म्हळ्यार? विषय कितें?"

तिनं वही मिटली. नंतर दोन-तीन दिवस ती वही टेबलावर दिसली नाही, आणि मला राहून राहून ॲन फ्रँक आठवत राहिली.

ॲनची डायरी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पण आपण ती शेवट ठाऊक असताना वाचतो. त्यामुळे पहिल्या पानापासूनच तिच्यात युद्ध आणि नाझींचे अत्याचार शोधतो. प्रत्यक्षात १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवसाला, आम्स्टरडॅममधल्या या मुलीला चौकडीच्या कापडाची एक वही मिळाली, आणि ती त्यात लिहू लागली ते असंच काहीबाही. वाढदिवसाला काय काय मिळालं, वर्गातला कोण कसा, मैत्रिणी कोण. त्यावेळी ज्यूंना पिवळा तारा लावावा लागत होता, सायकली जमा कराव्या लागल्या होत्या, ट्राममध्ये बसायला बंदी होती. हेही वहीत आलं, पण दिवसभरातल्या इतर गोष्टींच्या जोडीनं.

विषय तिला मिळाला तो शाळेत, आणि तोही शिक्षा म्हणून! वर्गात फार बोलते म्हणून गणिताच्या मास्तरांनी 'बडबडी' या विषयावर निबंध लिहायला लावला. बडबड मला आईकडून वारशात मिळाली आहे, त्याला इलाज नाही, असं तिनं त्यात लिहिलं. तिसऱ्यांदा शिक्षा झाली तेव्हा मैत्रिणीच्या मदतीनं तिनं एक कविताच रचली. तीन बदकपिल्लं फार कलकलाट करतात म्हणून त्यांचा बाप त्यांना चावून मारून टाकतो, अशी. मास्तरांना गंमत कळली. त्यांनी ती वर्गात वाचून दाखवली आणि पुढे तिला बोलायची मोकळीक दिली.

वही मिळून चोवीस दिवस झाले आणि ६ जुलैला फ्रँक कुटुंब वडिलांच्या कचेरीमागच्या खोल्यांत लपायला गेलं. घाईघाईत दप्तर भरताना ॲननं सर्वांत आधी आत टाकली ती ही वही.

पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून रेडिओवर डच मंत्री बोल्केस्टाइन यांनी सांगितलं, की युद्धानंतर लोकांची पत्रं आणि रोजनिश्या गोळा केल्या जातील. ॲननं ते ऐकलं, आणि त्याच मे महिन्यात सुट्या कागदांवर सगळं नव्यानं लिहायला घेतलं. आता तिला विषय मिळाला होता, लपून राहिलेल्यांचं ते मागचं घर. आणि विषय मिळताच तिनं काय केलं? वाढदिवसाची ती सुरुवातीची पानं गाळून टाकली.

४ ऑगस्ट १९४४ रोजी सगळे पकडले गेले. १९४५ च्या सुरुवातीला बेर्गेन-बेल्सन छावणीत ॲन वारली. वय पंधरा. लपलेल्या आठजणांपैकी एकटे वडील, ओटो फ्रँक, परत आले. मीप गीस यांनी न वाचता जपून ठेवलेले कागद त्यांच्या हाती आले. १९४७ साली पुस्तक निघालं ते १४ जूनच्या नोंदीनं सुरू झालं, म्हणजे वाढदिवसापासूनच. मुलीनं गाळलेलं बापानं परत लावलं. त्या पानांत इतिहास नसेल, पण त्यांच्यात त्यांची मुलगी होती. आज वाटतं, ती पानं नसती तर पुढे काय हिरावलं गेलं ते आपल्याला नीट कळलंच नसतं.

अकरावीत असताना मीही एक वही सुरू केली होती. फोंड्याच्या बसस्टँडवरचं काही, आजीच्या आजारपणाचं काही. घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी ती चाळली आणि विचारलं, "हे नेमकं कशावर आहे?" मला उत्तर देता आलं नाही. वही बंद पडली आणि कधीतरी रद्दीत गेली. शेवटच्या दिवसांत आजी काय बोलायची ते त्यात होतं. आज ते मला कुणीही सांगू शकत नाही.

तोच प्रश्न परवा मी माझ्या मुलीला विचारला.

वही कपाटात आहे, मी पाहिलीय, उघडलेली नाही. ती पुन्हा बाहेर आली, तर विषयाचं विचारायचं नाही, एवढं ठरवलंय. विषय विचारायला माझ्याकडे सकाळी साडेनऊपासून संध्याकाळपर्यंत पुष्कळ कागद असतात.