बाटली क्रमांक ५३-एन

१० जानेवारी १८९७. मुंबईत प्लेग आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिन स्वतः बनवलेली लस स्वतःलाच टोचून घेतात. १० घनसेंटिमीटर. ताप येतो, उतरतो. दोन वर्षांनी त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये जाते.

१९ सप्टेंबर १९०२. ४१ दिवस उरलेत. पंजाब सरकारला हिवाळ्याआधी लस हवी आहे, आणि भरपूर हवी आहे. वेळ वाचावा म्हणून हाफकिन यांनी कृतीतून कार्बोलिक आम्ल काढून टाकलंय. जंतू मारायचे ते फक्त उष्णतेने. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही असंच करतात. बदल शास्त्राला सोडून नाही, पण पुढे नेमकं त्याच्यावरच बोट ठेवलं जाईल. या लशीच्या एका बाटलीवर क्रमांक आहे ५३-एन.

३० ऑक्टोबर. पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातलं मुलकोवाल गाव. टोचून घ्यायला १०७ माणसं आली आहेत. बाटल्या ५.

५३-एनची पाळी येते. बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडतो. धनुर्वाताचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. चिमटा ज्योतीत धरून तापवायला हवा. मदतनीस तो कार्बोलिकच्या पाण्यात खळबळतो आणि पुढे करतो. हे बीजाणू कार्बोलिकच्या बुडकीला दाद देत नाहीत. ज्योतीत धरायला असे कितीसे क्षण लागले असते?

बूच निघतं. लस टोचणारे डॉ. इलियट बाटली नाकाशी नेतात. वास नाही. धनुर्वाताचे जंतू ४१ दिवस आत वाढत असते, तर बाटलीला घाण मारली असती. ही छोटीशी गोष्ट लक्षात ठेवावी. चौकशीत तिला द्यावं तेवढं वजन कुणी दिलं नाही.

या बाटलीतून १९ जणांना टोचलं जातं. उरलेल्या चार बाटल्यांतून ८८ जणांना. सगळे घरी जातात.

त्यानंतरचे काही दिवस. कुणालाच काही नाही. धनुर्वात सावकाश चढतो.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा. जबडे आवळू लागतात. मग मान, मग पाठ. दुखणं त्या १९ जणांनाच, आणि त्या सगळ्यांना. ८८ जण ठणठणीत आहेत. १९ पैकी एकही वाचत नाही.

चौकशी आयोग बसतो. अध्यक्ष मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स. निष्कर्ष : दोष बाटली उघडण्याआधीचा, म्हणजे परळचा. हाफकिन यांना कामावरून दूर केलं जातं. १९०४ मध्ये ते लंडनला परततात. आयोगाने ४१ दिवस मागे जाऊन परळ धुंडाळलं. चिमटा मात्र मुलकोवालला, बाटलीपासून हातभर अंतरावर पडला होता.

२९ जुलै १९०७. रोनाल्ड रॉस यांच्यासह १० शास्त्रज्ञांचं पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून येतं. आरोप सिद्ध तर झालेला नाहीच, उलट तो स्पष्टपणे खोटा ठरला आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त होतात. नेमणूक मिळते ती कलकत्त्याला. परळची खुर्ची त्यांना परत मिळत नाही.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव देण्यात आलं. तोवर त्यांना भारत सोडून दहाएक वर्षं झाली होती.