थॉमस आणि रायपूरची छोटी लाईन

टीव्हीवरचं हसऱ्या चेहऱ्याचं निळं इंजिन, थॉमस, घराघरातल्या मुलांच्या ओळखीचं आहे. त्याची कुळकथा सुरू होते १९४२ साली, गोवरानं अंथरुणाला खिळलेल्या एका मुलापाशी. या ख्रिस्तोफरला रमवण्यासाठी त्याचे वडील, पाद्री विल्बर्ट ऑड्री, इंजिनांच्या गोष्टी रचू लागले. १९४५ मध्ये पहिलं पुस्तक आलं, पुढच्या वर्षी थॉमसचं.

पण मूळ त्याहून जुनं. ऑड्रींचं बालपण बॉक्स या गावी गेलं. तिथल्या चढावर रात्री मालगाडी यायची. पुढचं इंजिन ओढायचं, मागचं रेटायचं. दोघांच्या धापा छोट्या विल्बर्टला संभाषणासारख्या वाटत.

१९५२ साली ऑड्रींनी वेल्समधल्या टॅलिलिन या अरुंद रेल्वेवर स्वयंसेवक गार्ड म्हणून काम केलं. बंद पडू घातलेली ही रेल्वे रेल्वेप्रेमींनी नुकतीच वाचवली होती. तिच्यावरून त्यांना छोट्या इंजिनांच्या आणखी गोष्टी सुचल्या. पुढे टीव्ही निर्मात्या ब्रिट ऑलक्रॉफ्ट यांना ऑड्री भेटले तेही अशाच जतन केलेल्या ब्लूबेल रेल्वेवर माहितीपट करताना. त्यातून १९८४ साली थॉमसची टीव्ही मालिका आली: खरोखर धावणारी मॉडेलं, फिरणारे डोळे आणि निवेदनाला बीटल्सचा रिंगो स्टार.

अशीच एक अरुंद रेल्वे आपल्याकडेही होती. टॅलिलिनच्या रुळांची रुंदी ६८६ मिलिमीटर, रायपूर–धमतरीची ७६२. बंगाल–नागपूर रेल्वेची ही लाईन १९०० साली सुरू झाली. रायपूरकर तिला ‘छोटी लाईन’च म्हणत. तेलीबांधा, माना, केंद्री करत गाडी अभनपूरला यायची. तिथून एक फाटा राजिमला, महानदीच्या संगमावर. दुसरी वाट कुरूदवरून धमतरीला. वाफेची इंजिनं गेली, डिझेलची आली, तरी वस्तीला खेटून चालणारी ही गाडी लोकांना घरचीच वाटे.

आता शहरातल्या त्या रुळांच्या जागी एक्स्प्रेसवे आहे. मार्च २०२५ मध्ये मंदिर हसौद, नवा रायपूरमार्गे अभनपूरपर्यंत ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. शेतकरी, विद्यार्थी, नोकरदार यांच्यासाठी ती हवीच होती.

मात्र एक गोष्ट विसरू नये. थॉमसच्या जगात २०१६ साली अशिमा हे भारतीय इंजिन आलं, ते निलगिरी रेल्वेच्या इंजिनावरून. निलगिरीची गाडी आजही धावते. जपलेल्या रुळांनीच गोष्टींना पात्रं दिली. नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयानं त्या काळाचं लोखंड सांभाळलं आहे. छोट्या लाईनीच्या आठवणी मात्र माणसांकडेच आहेत. तिच्या शिट्टीवर घड्याळ लावलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्यांच्याकडून त्या आठवणी मागून घ्याव्यात, छत्तीसगढीत आणि मराठीत लिहाव्यात. थॉमसइतकंच आपलं वाटेल असं इंजिन रायपूरच्या मुलांनाही मिळायला हवं.