ठेका कुणाचा, हिशेब कुणाचा?

आमच्या वस्तीतील जयंतीच्या मिरवणुकीत डीजे लावणारा माझा एक विद्यार्थी परवा तास संपल्यावर थांबला. ॲमस्टरडॅमच्या एका क्लबातील तुडुंब गर्दी त्याने मोबाईलवर दाखविली आणि विचारले, "सर, हे गोऱ्यांचंच संगीत ना?" प्रश्न साधा होता, पण एक अख्खा इतिहास पुसला गेल्याशिवाय असा प्रश्न पडत नाही. म्हणून हे लिहिणे.

'ॲमस्टरडॅम डान्स इव्हेंट' हा मेळा १९९६ साली सुरू झाला. त्यामागे 'बुमा' ही संगीतकारांचे मानधन वसूल करून त्यांना वाटणारी डच संस्था आहे. दर ऑक्टोबरात पाच दिवस हा मेळा भरतो. दिवसा परिषदा आणि करारमदार, रात्री शहरभर सुमारे २०० ठिकाणी नाच. २०१९ साली तेथे सुमारे ४ लाख लोक आले होते. मेळा नाचाचा तसाच व्यवहाराचाही. कुणाचे गाणे वाजले आणि कुणाला किती पैसे मिळावेत, याची चर्चा तेथे होते.

परंतु ज्या ठेक्यावर हा डोलारा उभा आहे, तो जन्मला कुठे? १९७७ साली फ्रँकी नकल्स हा कृष्णवर्णीय तरुण न्यूयॉर्कहून शिकागोस आला आणि 'वेअरहाऊस' नावाच्या क्लबात तबकड्या वाजवू लागला. तेथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे, त्यांतही पुष्कळ समलिंगी. गोऱ्यांच्या समाजात त्यांना जागा नव्हती आणि स्वतःच्या घरातही मोकळेपणा नव्हता. अशा दुहेरी बहिष्कृतांनी रात्रीपुरती उभारलेली ती वस्ती होती. त्या क्लबाच्या नावावरूनच 'हाऊस' हे नाव रूढ झाले.

प्रस्थापितांना हे रुचणारे नव्हते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला. तबकडी आणणाऱ्यास तिकीट अवघे ९८ सेंट. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द झाला. त्या दिवशी तेथे व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करीत होता. लोकांनी आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्या, केवळ काळ्या कलावंतांच्या तबकड्याही त्याला दिसल्या. रोष नुसता ठेक्यावर नव्हता, हे त्याने तेव्हाच ओळखले. याच मुलाने पुढे जेसी सॉन्डर्सबरोबर 'ऑन अँड ऑन' रचले. १९८४ सालची ही तबकडी हाऊसच्या पहिल्या तबकड्यांत गणली जाते.

मोटार कारखान्यांना टाळी लागत असलेल्या डेट्रॉईटच्या परिसरात वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन कृष्णवर्णीय मित्रांनी टेक्नो घडविले. १९८८ साली त्याचा संग्रह ब्रिटनमध्ये निघाला आणि युरोपने तो ठेका उचलला. बाजार वाढला. पण हिशेब? लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या दोघांना १९८० च्या दशकातील आपल्याच गाण्यांच्या हक्कांसाठी २०२० साली एका तबकडी कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. २०२२ साली तडजोड होऊन ते हक्क त्यांच्याकडे परत आले. 'वेअरहाऊस'ची इमारत शिकागो शहराने २०२३ साली वारसा म्हणून जाहीर केली; ते पाहावयास फ्रँकी नकल्स नव्हता. २०१४ सालीच तो वारला होता.

हे वाचताना मला माझे वडील आठवतात. ते हलगी वाजवीत. गावातले एकही लग्न त्यांच्या हलगीवाचून लागले नाही. पण मांडवातल्या पंगतीत त्यांना कधी पान मिळाले नाही. सगळ्यांचे उरकल्यावर, मांडवाबाहेर, घरून नेलेल्या भांड्यात जे पडेल ते. बोलावणे दरवर्षी होते, मान कधीच नव्हता. वंश आणि जात एक नव्हेत, हे मी जाणतो. तरी वाजविणाऱ्याला बोलवायचे आणि हिशेबात धरायचे नाही, ही रीत दोन्हीकडे ओळखीची आहे.

ॲमस्टरडॅमच्या मेळ्यावर बहिष्कार घाला, असे मी म्हणत नाही. शिकागो-डेट्रॉईटच्या कलावंतांना तेथे व्यासपीठ मिळते, हेही खरे. परंतु पाहुणचार म्हणजे मालकी नव्हे. बोलावणे आले म्हणजे न्याय झाला, या समजुतीत आपल्या किती पिढ्या गेल्या!

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, "हा ठेका बहिष्कृतांचा आहे. या जयंतीला तो वाजवशील तेव्हा माईकवर फ्रँकी नकल्सचं नाव घे. आणि त्याच्या आधी आपल्या वस्तीत हलगी कोण कोण वाजवीत होतं, ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढ." पहिले नाव मी त्याला तेथेच सांगितले.