नाव बदलतं, निरीक्षण टिकतं

पावसाळा सरता सरता पंचगंगेकाठच्या ओलसर बांधांवर पिवळी पाणलवंग फुललेली तुम्ही पाहिली असेल. फळ लवंगेसारखं दिसतं, म्हणून हे नाव. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी वहीत नुसतं ‘लुडविजिया’ लिहिलं आणि पुढे गेलो. पुंकेसर मोजलेच नाहीत. चार असते तर बहुधा लुडविजिया पेरेनिस. आठ असते तर ऑक्टोव्हाल्विस किंवा हिसोपिफोलिया. आता त्या नोंदीचं करायचं काय?

याच कुळातल्या इनोथेराची, म्हणजे ईव्हनिंग प्रिमरोझची, गोष्ट यासाठी वाचायला हवी. 1886 मध्ये हॉलंडमधल्या हिल्व्हरसमजवळच्या एका पडीक बटाट्याच्या शेतात ह्यूगो द व्ह्रीस यांना इनोथेरा लामार्कियाना दिसली. ती त्यांनी बागेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवली. बहुतेक रोपं आईसारखीच, पण अधूनमधून एखादं अगदीच वेगळं. त्यांनी ठरवलं, नवी जाती एका उडीत तयार होते. 1901 ते 1903 दरम्यान त्यांचा उत्परिवर्तनावरचा ग्रंथ आला आणि गाजला.

गृहीतक एकच होतं: मूळ झाड शुद्ध जातीचं आहे. तिथंच गोची झाली. ओटो रेनर यांनी दाखवलं की ही वनस्पती कायमची संकर आहे. तिच्यात गुणसूत्रांचे दोन वेगळे संच असतात. दोन्हीकडून एकच संच आला तर ते बीज जगत नाही. म्हणून संकर असूनही ती शुद्ध असल्यासारखी वागते. राल्फ क्लेलँड यांच्या कामातून इनोथेरातल्या गुणसूत्रांच्या कड्यांचा उलगडा झाला. लामार्कियानात 14 पैकी 12 गुणसूत्रं अशा कड्यात असतात. द व्ह्रीस यांची ‘गिगास’ तर 28 गुणसूत्रांची निघाली.

सिद्धांत मोडला, पण द व्ह्रीस यांच्या वंशावळीच्या नोंदी वाया गेल्या नाहीत. पुढच्यांनी त्याच झाडांवर काम केलं.

आपल्या पाणलवंगेचंही तसंच. जुन्या फ्लोरांत दुप्पट पुंकेसरांची ती ‘जुसिया’ आणि बाकीची ‘लुडविजिया’. 1953 मध्ये हिरोशी हारा यांनी दोन्ही एकत्र केल्या. तरी जुन्या नोंदी आजही वाचता येतात, कारण कुणीतरी पुंकेसर मोजून ठेवले होते.

तेव्हा फील्डवर जाताना एवढं करा: नाव पेन्सिलीनं लिहा, पुंकेसर, पाकळ्या, फळ, बिया पेननं. आणि नमुना दाबून ठेवा. दोन जातींच्या मधलं काही दिसलं तर ‘संकर असावा’ म्हणून मोकळं होऊ नका. परागकण तपासा, बिया रुजवून बघा. मी यंदा पुन्हा त्याच बांधावर जाणार आहे, मोजायला.