कॅम्पस कॅरी

अमेरिकेतील काही राज्यांत परवानाधारकाला विद्यापीठाच्या आवारात पिस्तूल लपवून बाळगू देणारी तरतूद. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांचे बळी घेतल्यावर या मागणीने जोर धरला. सर्वाधिक गाजले ते टेक्सास. तेथील ‘सिनेट बिल ११’ सार्वजनिक विद्यापीठांना १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झाले. ऑस्टिनच्या विद्यापीठ-मनोऱ्यावरून चार्ल्स व्हिटमनने केलेल्या गोळीबाराला त्याच दिवशी ५० वर्षे झाली. खासगी विद्यापीठांना नकाराची मुभा होती. बहुतेक सर्वांनी ती वापरली.

समर्थकांच्या मते शस्त्रामुळे दुबळ्याला, विशेषतः रात्री एकट्याने ये-जा करणाऱ्या विद्यार्थिनीला, बळ मिळते. परंतु वर्गातले बलाबल निराळे असते. गुण आणि शिफारसपत्र प्राध्यापकाच्या हाती. नापास झालेल्याच्या हाती फार तर तक्रारअर्ज. पिस्तूल आले म्हणून हे नाते उलटत नाही, त्यात संशय शिरतो. शस्त्र दिसत नसल्याने ते कोणाकडेही असू शकते, आणि धाक बसायला प्रत्यक्षात ते कोणाकडे असण्याचीही गरज उरत नाही. शिवाय परवाना प्राध्यापकालाही मिळतो, हे वादात सहसा विसरले जाते.

ह्यूस्टन विद्यापीठाच्या प्राध्यापक-सभेत २०१६ च्या आरंभी दाखवलेल्या एका सादरीकरणातला सल्ला बोलका आहे : नाजूक विषय जपून हाताळा, काही अभ्यासक्रमातून वगळा, विद्यार्थ्यांना वेळ ठरवूनच भेटा. कायद्याने यातले काहीच सांगितले नव्हते. ऑस्टिनमध्ये स्वतंत्र खोली असलेल्या प्राध्यापकाला आपल्या खोलीत शस्त्रबंदी करता येई, मात्र ती भेटीला येणाऱ्याला तोंडी सांगावी लागे. एकाच खोलीत दाटीने बसणाऱ्या अध्यापन-साहाय्यकांना ही सवलत नव्हती. म्हणजे कनिष्ठांचे संरक्षण आणखी कमी. वास्तुकला विभागाचे अधिष्ठाता फ्रिट्झ स्टायनर याच कायद्याचे कारण देत पेनसिल्व्हेनियाला गेले. असा पर्याय साहाय्यकांना कुठला!

ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिकांनी न्यायालयात धाव घेतली : वर्गात कोणी सशस्त्र असेल या भीतीने मोकळी चर्चा आक्रसते, असे त्यांचे म्हणणे. २०१८ मध्ये पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने दावा फेटाळला. इतर लोक पुढे काय करतील याच्या अंदाजावर ही भीती बेतलेली आहे, तेवढ्यावरून दावा लावण्याचा अधिकार मिळत नाही, असे न्यायालयाने म्हटले.